आपल्या वाट्याचे कागद



सज्जनहो, ज्येष्ठ महिन्यात आदिशक्ती मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते. तापी-पूर्णेचा मुलूख मागे टाकून ती मलकापूरला येते, पुढे मोताळा, मग राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करीत जालन्याच्या वाटेला लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही वाट टाळ वाजवीत पायी तुडवली असेल. पण टाळांच्या आधी या मुलखाने घोड्यांच्या टापा ऐकल्या आहेत. उत्तरेला बुऱ्हाणपूर, दक्षिणेला दौलताबाद आणि मध्ये अजिंठ्याचा डोंगर. उत्तरेची फौज दक्षिणेत उतरायची, दक्षिणेची उत्तरेवर चालून जायची, आणि दोघींच्या मध्ये वऱ्हाडची काळी जमीन तुडवली जायची. मलकापूर या पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहे. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी आहे. सिंदखेड राजा घाटमाथ्यावर, देऊळगाव राजाच्या पुढे आहे.

या एका जिल्ह्यातल्या तीन हकिगती आज तुमच्यापुढे ठेवतो. तिन्ही लढाईच्या आहेत, आणि तिन्ही लढायांत समोरासमोर उभी राहिलेली माणसे एका घरातली होती. कुठे सासरा-जावई, कुठे बाप-लेक. वारकऱ्याने इतिहास वाचावा तो राजांची नावे पाठ करण्यासाठी नव्हे. आपल्या घरात काय शिजते आहे ते कळावे म्हणून वाचावा.

पहिली हकिगत १४३७ सालची. बुऱ्हाणपूरला फारुकी घराण्याचा नासीरखान राज्य करीत होता. मलकापूर हे गाव याच घराण्यातल्या एकाने वसवले आणि आपल्या लेकीवरून त्याला नाव दिले, असे सांगतात. नासीरखानाची मुलगी आगा झैनब बहामनी सुलतान अलाउद्दीनाला दिली होती. सुलतानाने पुढे कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची कन्या जनान्यात आणली आणि थोरल्या राणीकडे पाठ फिरवली. लेकीने बापाला गाऱ्हाणे कळवले. बाप फौज घेऊन वऱ्हाडात शिरला. इथले काही सरदार त्याला मिळाले, बहामनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. मग सुलतानाचा सेनापती खलफ हसन चालून आला, रोहिणखेडला गाठ पडली, आणि नासीरखान हरला. शत्रूने त्याचा बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. तो धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात शिरला आणि त्याच साली वारला. लेकीच्या डोळ्यांतले पाणी पुसायला निघालेला बाप गेला, वऱ्हाडातली उभी पिके गेली, आणि लेकीचे दुःख होते तसेच राहिले. सांगायचे एवढेच की लेकीच्या दुःखाचे जिथे निशाण केले जाते, तिथे दुःख बाजूला राहते आणि निशाणच तेवढे पुढे जाते.

दुसरी हकिगत त्याच रोहिणखेडची, दीडशे वर्षांनंतरची, १५९०-९१ची. अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातला बुऱ्हाण आपल्या भावाच्या भयाने पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता. मागे त्याचा लहान मुलगा इस्माईल राहिला. १५८९ साली दरबारी मंडळींनी त्या पोराला गादीवर बसवले, आणि कारभार जमालखानाच्या हाती गेला. बाप जिवंत, आणि गादीवर मुलगा. खानदेशच्या राजे अलीखानाची मदत घेऊन बाप हक्क मागायला आला. जमालखान त्या पोराला सोबत घेऊन चालून आला. रोहिणखेडला लढाई झाली, जमालखान पडला, आणि बापाने स्वतःच्या मुलाला कैद करून नगरची गादी घेतली. त्या मुलाला भांडणातले काय कळत होते? त्याला घोड्यावर बसवणारे दुसरेच होते. सज्जनहो, घरच्या भांडणात लेकरांना पुढे करण्याची रीत किती जुनी आहे, हे या शिवारात जाऊन पाहावे.

तिसरी हकिगत सिंदखेडची. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण एका बाजूने. मी ती दुसऱ्या बाजूने सांगतो.

सिंदखेडचे लखुजीराजे जाधव निजामशाहीतले मातबर सरदार. त्यांची लेक जिजाऊ वेरूळच्या भोसल्यांकडे, मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांना दिलेली. दोन्ही घराणी एकाच दरबारात. बखरी सांगतात की देवगिरीला दरबार सुटताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याला आवरायला तलवार उपसून गेले. भोसल्यांकडचे, म्हणजे विठोजींचे मुलगे, खंडागळ्याच्या बाजूने पडले. बोलाचाली वाढली. विठोजींचे पुत्र संभाजी यांच्या हातून दत्ताजी पडले. लखुजी मागे फिरले आणि त्यांनी संभाजीला मारले. त्या झटापटीत जावई शहाजीराजेही जखमी झाले. कारण काय, तर एक बिथरलेला हत्ती. जिजाऊंच्या पदरी संध्याकाळी काय आले? भाऊ गेला, तो सासरच्या माणसाच्या हातून. दीर गेला, तो बापाच्या हातून. नवरा जखमी होऊन घरी आला.

पुढे लखुजीराजे १६२१च्या सुमारास मोगलांना मिळाले. शहाजीराजे मलिक अंबराबरोबर निजामशाहीत राहिले. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. तिथे जावई एका बाजूला आणि सासरा दुसऱ्या बाजूला होता. शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथे पडले. विचार करा, अशा वेळी सासरी राहणाऱ्या बाईने जयजयकार कुणाचा करावा? कुणीही जिंकले तरी तिच्या एका घरात सुतकच होते.

पुढे लखुजीराजे पुन्हा निजामशाहीकडे वळले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, त्यांच्यावर दगाबाजीने घाला पडला. लखुजी, पुत्र अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, अशा एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशी गेल्या. सिंदखेडला लखुजीराजांची भव्य समाधी आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजावरूनच येते. त्या दिंडीत असाल तेव्हा समाधीपाशी क्षणभर उभे राहा.

आता तारखा जुळवून पाहा. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. म्हणजे माहेरचा हा संहार झाला तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेले होते. बाप, दोन भाऊ आणि भाचा एकदम गेल्याची बातमी त्या माउलीने पोटात गर्भ वागवीत ऐकली. लखुजीराजे फौज घेऊन जावयाच्या मागे लागले, वाटेत सात महिन्यांची गरोदर लेक भेटली आणि त्यांनी तिला शिवनेरीवर पोचवले, असा प्रसंग काही ठिकाणी रंगवून सांगतात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. पण तिला सातवा महिना लागला तेव्हा लखुजीराजे जिवंत नव्हते. त्या बाईचे खरे दुःख या रचलेल्या भेटीपेक्षा मोठे होते. भेट झालीच नाही.

पण एक गोष्ट घडली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सासऱ्याच्या हत्येनंतर शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी सोडली. ज्यांच्याविरुद्ध भातवडीला शस्त्र धरले, ज्यांच्या माणसांशी हत्तीपायी रक्तपात झाला, त्या सासऱ्यासाठी त्यांनी धन्याकडे पाठ फिरवली. रणात तुटलेले नाते सुतकात पुन्हा जोडले गेले. शिवनेरीवर जिजाऊंना ठेवण्याची सोय झाली तीही सोयरिकीमुळे. त्यांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांना शिवनेरीच्या किल्लेदाराच्या घरातली मुलगी केली होती. एका सोयरिकीने रक्त सांडले, दुसऱ्या सोयरिकीने बाळंतिणीला आसरा दिला. सोयरीक ही आगपेटीसारखी आहे. तिने चूलही पेटते आणि घरही पेटते. ती कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळे अवलंबून.

इथे जिजाऊंचा थोरपणा आहे, आणि तो पोवाड्यात फारसा येत नाही. ती बाई आपल्या लेकराला हत्तीच्या प्रसंगावरून सुरुवात करून सगळा हिशेब शिकवू शकत होती. तुझ्या मामाला तुझ्या चुलत्याने मारले, तुझ्या चुलत्याला तुझ्या आजोबाने मारले, आता तू उठ आणि ज्याचे त्याचे परत कर. जाधव आणि भोसले यांचे वैर सात पिढ्या पुरले असते. तिने ते केले नाही. जाधव घराण्याची परंपरा सांगते की मारल्या गेलेल्या अचलोजींचा मुलगा संताजी आत्याजवळ, म्हणजे जिजाऊंजवळ वाढला. आपल्या मुलांच्या पंगतीत तिने भावाचे लेकरू जेवू घातले. पुढे कनकगिरीच्या वेढ्यात जिजाऊंचे थोरले पुत्र संभाजीराजे पडले, तेव्हा हा संताजीही त्यांच्यासोबत पडला, असे सांगतात. ज्या दोन घराण्यांनी हत्तीपायी एकमेकांची मुले मारली, त्या दोन घराण्यांची मुले एका बाजूला उभी राहून मेली. या संताजीचा मुलगा शंभुसिंग स्वराज्याच्या कामी आला. त्याचा मुलगा धनाजी जाधव. औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणणारा, मराठ्यांचा सेनापती झालेला तो हाच धनाजी. लखुजींपासून पाचवी पिढी. दौलताबादच्या दरबारात जो वेल मुळापासून कापला असे निजामशहाला वाटले, त्याचे एक बोटभर रोप लेकीने आपल्या अंगणात लावले, आणि त्याचा असा वृक्ष झाला.

सज्जनहो, गोड शेवट करायचा तर इथेच थांबलो असतो. पण इतिहास इथे थांबत नाही. धनाजी १७०८ साली वारले. त्यांचे पुत्र चंद्रसेन यांचे बाळाजी विश्वनाथांशी बिनसले. शिकारीतल्या एका हरणावरून खटका उडाला म्हणतात. खरे कारण मानाचे आणि अधिकाराचे होते. चंद्रसेन छत्रपतींची बाजू सोडून अखेर निजामाला मिळाले. हत्तीवरून फाटलेले घर हरणावरून पुन्हा फाटले. आणि ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामाने आपली स्वतंत्र सत्ता जिथे पक्की केली ती लढाई कुठे झाली? सिंदखेडच्याच मुलखात, साखरखेर्ड्याला.

म्हणून सांगतो, घराण्याची गाठ एका पिढीने बांधली म्हणजे पुढच्या पिढ्यांना ती आयती मिळते, असे नाही. देवघरातला टाक वारशाने मिळतो, पण पूजा ज्याची त्याला रोज करावी लागते. तसेच हे.

आता आपल्या संप्रदायातल्या एका घराकडे वळू. देहूच्या विश्वंभरबाबांचे घर. महिपतीबुवा ताहराबादकरांनी ती कथा लिहून ठेवली आहे. विश्वंभरबाबांच्या माघारी त्यांचे पुत्र हरी आणि मुकुंद यांनी घरची विठ्ठलसेवा सोडली आणि राजाच्या फौजेत चाकरी धरली. आई आमाबाईला ते पसंत नव्हते, पण मुलांच्या मायेने ती त्यांच्यामागे गेली. देवाने तिला स्वप्नात येऊन घरी परतायला सांगितले. मुलांनी ऐकले नाही. परचक्र आले आणि दोघे भाऊ लढाईत पडले. मुकुंदाची बायको सती गेली. हरीची बायको गरोदर होती. ती माहेरी गेली आणि तिला मुलगा झाला. त्याचे नाव विठ्ठल ठेवले. आमाबाई देहूला परतली आणि तिने देवाचा ओटा पुन्हा झाडला. त्या विठ्ठलाच्या वंशात पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा, आणि बोल्होबांच्या पोटी आपले तुकोबाराय.

दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहा. सिंदखेडच्या लेकीचे माहेर कापले गेले तेव्हा ती गरोदर होती. देहूच्या सुनेचे सासर ओस पडले तेव्हा तीही गरोदर होती. एकीच्या पोटी छत्रपती आले, दुसरीच्या वंशी संतांचा कळस आला. पुरुषांनी त्या त्या वेळी कोणती बाजू घेतली, कोणाची मनसब स्वीकारली, याच्या नोंदी दफ्तरात आहेत. पण कुळ पुढे गेले ते दफ्तरातून नव्हे. ते मागे राहिलेल्या एका बाईच्या हातातून पुढे गेले. तिने ठरवले की या लेकराला मी वैर पाजणार नाही. आमाबाईने नातवाला आजोबांचा देव दाखवला. जिजाऊंनी मुलाला मामाचे लेकरू दाखवले. म्हणून वारकरी पंढरीला माहेर म्हणतो, ते उगीच नाही. ज्या घरी लढाईतली बाजू विचारली जात नाही, फक्त जेवलास का एवढे विचारले जाते, ते माहेर.

ही सगळी जुनी गोष्ट झाली, असे म्हणू नका. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये पुलवामाला आपल्या जवानांवर घाला पडला. त्यात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, एक या मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातला. त्या दिवशी मलकापुरात कुणी कुणाची जात, पक्ष, फड विचारला नाही. सारे गाव आणि आसपासचे खेडे अंत्ययात्रेला लोटले. पण गर्दी एका दिवसाची असते. खरे काम तेराव्यानंतर सुरू होते. जवानाचे लेकरू शाळेत जाते, त्याची आई दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, त्याच्या घरच्या बाईला कागदपत्रांसाठी कचेरीच्या चकरा माराव्या लागतात. अशा घरच्या उंबऱ्यावर वर्षभरानंतर कोण जाते? जो जातो तो आमाबाईच्या कुळातला म्हणायचा. दिंडीत विणेकऱ्याच्या पायावर डोके ठेवता, ते योग्यच आहे. पण परतल्यावर अशा एका आईला प्रसादाचा बुक्का लावून या. तीही वारीच.

आणि आपल्या घरातली लढाई? तिला तोफा नसतात, म्हणून ती दिसत नाही. बांधावरच्या एका निंबाच्या झाडावरून, विहिरीच्या पाळीवरून, आईच्या पाटल्यांवरून दोन भाऊ वीस-वीस वर्षे कोर्टात जातात. तारखेला एकाच एस.टी.त बसतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. त्यांची मुले एका शाळेत जातात, त्यांना दटावलेले असते की काकाच्या पोराशी बोलायचे नाही. रोहिणखेडच्या त्या लहान इस्माईलला जसे घोड्यावर बसवले होते, तसेच हे. त्या पोरांना निंबाचे झाड नको असते. त्यांना सावलीत सोबत खेळायला हवे असते. गळ्यात माळ असलेल्या घरीही हे चालते. मी उभे आयुष्य कीर्तनाला उभा राहिलो. मांडवात एका कोपऱ्यात थोरला आणि दुसऱ्या कोपऱ्यात धाकटा बसलेला किती गावांत पाहिला, त्याची गणती नाही. पाया पडताना तिऱ्हाइताच्या पायाला कपाळ टेकतात, आणि सख्खा भाऊ आला की हात आखडतो.

त्यावर उपाय काय? तो तुकोबारायांनी करून दाखवला आहे. जिजाऊंचे माहेर गेले त्याच सुमारास, १६३०च्या आसपास, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचे घर त्यात होरपळले. पहिली पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बुडाला. घराण्याची महाजनकी होती, सावकारी होती, लोकांकडे येणे होते. त्याची खते घरात होती. तुकोबांना विरक्ती आली आणि ती खते इंद्रायणीत बुडवायची, असे त्यांनी ठरवले. पण त्यांनी सगळी खते उचलली नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, त्यात अर्धा हिस्सा होता. त्यांनी वाटणी केली. कान्होबाच्या वाट्याची खते त्याला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची नदीत सोडली.

या कथेत आपण नदीत सोडलेल्या कागदांचे कौतुक करतो. न सोडलेल्या कागदांकडे पाहत नाही. तुकोबांनी भावाला विरक्ती शिकवली नाही. मी सोडतो आहे तर तूही सोड, असे म्हटले नाही. त्याचे त्याच्या हातात दिले आणि आपले तेवढे पाण्यात दिले. घरातले भांडण मिटत नाही ते याचसाठी, की आपण नेहमी दुसऱ्याच्या वाट्याचे कागद बुडवायला निघतो. त्याने सोडावे, मग मी सोडतो. हे म्हणत म्हणत दोघेही म्हातारे होतात, आणि कागद मुलांच्या हाती जातात.

जिजाऊंच्या पदरीही अशी खते होती. भावाच्या रक्ताचे खत, दिराच्या रक्ताचे खत, बापाच्या रक्ताचे खत. त्या माउलीने तिच्या वाट्याची खते लेकरापर्यंत जाऊ दिली नाहीत. म्हणून ते लेकरू मोकळ्या हातांनी मोठे काम करू शकले.

येत्या एकादशीला तुळशीपाशी दिवा लावाल, तेव्हा आपल्या वाट्याचे कोणते कागद घरात पडून आहेत ते आठवून पाहा. बापाने सांगितलेले एखादे वैर असेल, आजोबांच्या काळातला एखादा अबोला असेल. मुलांची नजर त्यावर पडण्याआधी ते काढा. भावाच्या वाट्याचे त्याच्याकडे असू द्या. तुमचे तेवढे इंद्रायणीला द्या. इंद्रायणी लांब असेल तर इथली पूर्णा आहे, नळगंगा आहे. तीही तेवढीच घेते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.